मशीन आपोआप खाली येऊच शकत नाही

न्हावरे, ता. ८ एप्रिल २००४

तुझ्या सहीचा कागद दाखवून कंपनीवाल्यांनी काल शंभूला खोटारडा ठरवलं. ह्ये आधी वाच, आशीर्वाद मागून.

चि. प्रतिभास कुशाबाईचा आशीर्वाद. आमी खुशाल न्हाई. तू दौंडला खुशाल असशीलच, तुला कोण काय म्हणतंय.

गेल्या मंगळवारी तुझ्या चुलतभावाच्या उजव्या हाताची तीन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमधी गेली. लाइट गेली व्हती. पत्रा वाकडा बसला म्हणून त्यानं हात घातला, तवर लाइट आली आन् मशीन खाली आलं. त्यो म्हणतो, आपोआप आलं. सायेब म्हणतो, ह्या मशीनला दोन बटणं हायती, दोन हातांनी दोन्ही दाबल्याबिगर ते हलत न्हाई, मंग तुझा हात आत कसा? आन् तुझा कागद पुढं ठेवला. त्यात लिवलंय म्हणं, मशीन आपोआप खाली येऊच शकत न्हाई. वाचून दाखवला तवा शंभूनं मान खाली घातली. सव्वीस तारखेला चौकशी हाय. खोटा ठरला की नोकरीवरनं काढणार.

त्यो जेवत न्हाई. त्येची बायकू म्हाळसा ताटापुढं बसून रडती, म्हंजी दोन ताटं वाया.

तू कागद लिवलास तवा मशीन बघितलं व्हतंस का? खरं सांग. माया आटू देऊ नको, पर आधी उत्तर धाड.

तुझी आज्जी

⁂

दौंड, ता. ११ एप्रिल २००४

ती. आज्जीस प्रतिभाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि हातातली भाकरी तशीच राहिली. शंभूचं मला कुणीच कळवलं नाही. आई म्हणते, तुझी पुण्याची रोजची गाडी, तुझी दगदग, म्हणून.

आज्जी, मशीन मी पाहिलं नव्हतं. आमच्या ऑफिसात मशीनचा मेंदू बनतो, आणि तो बनवण्याआधी त्याचा नमुना मांडतात. आबा मेंढरं वाघरीत कोंडल्यावर जाळीभोवती फिरून भोक शोधायचे ना, तसंच. मशीन कुठल्या कुठल्या स्थितीत असू शकतं, एकीतून दुसरीत कसं जातं, हे सगळं लिहायचं. मग कॉम्प्युटर एकूण एक वाट चालून बघतो. मी विचारलं होतं, हात आत असताना मशीन खाली येईल अशी एक तरी वाट आहे का? तो म्हणाला, नाही. म्हणून मी सही केली.

काल परत चालवून बघितलं. परत नाही. आज्जी, शंभू खोटं बोलणार नाही आणि हे गणितही खोटं बोलत नाही. मला काही सुचेनासं झालंय. त्याला एवढंच विचार, लाइट गेली तेव्हा बटणं कशी होती?

म्हाळसावहिनींना सांभाळ, त्यांना टोचून बोलू नकोस. माझ्यावरचा राग पत्रातच संपव.

तुझी प्रतिभा

⁂

न्हावरे, ता. १४ एप्रिल २००४

चि. प्रतिभास आशीर्वाद. राग पत्रात मावत न्हाई, पाच रुपयाचं तिकीट लागतं.

तुझा सवाल शंभूला इचारला. त्यो भिंतीकडं त्वांड करून झोपला. मी म्हणलं, भिंतीला इचारलं न्हाई.

मंग काल सांच्याला लाइट गेली. कांद्याला पाणी चालू व्हतं. शंभू उठला, डाव्या हातानं पाचर घेतली आन् विहिरीवर जाऊन मोटरीच्या स्टार्टरच्या बटणात ठोकली. सगळा गाव ठोकतो. लाइट कवा बी येती, कोण जागणार? पाचर असली की लाइट आल्याबरोबर मोटर आपली आपण चालू. मी त्येच्या मागंच व्हते. पाचरीकडं बघितलं, मंग त्येच्याकडं. त्यो पाण्याच्या दांडात खाली बसला.

म्हणला, आज्जे, तिथं बी तसंच केलतं. दोन्ही बटणांत पाचर. नग अर्ध्यात अडकलेला, वाटलं लाइट आली की मशीन आपलं आपण दाबून मोकळं व्हईल. मंग पत्रा वाकडा दिसला. लाइट न्हाई म्हंजी मशीन मेलेलं, म्हणून हात घातला. मदतीला आलेल्यानं पाचरी काढून गटारात टाकल्या, शंभूवर बालंट नको म्हणून.

कुणाला सांगू नको म्हणला, पाचर कळली तर चूक त्येचीच ठरंल. मी तुला सांगतीया, कारण तू कुणी न्हाईस, त्येची भण हायेस. आता तुझ्या त्या कॉम्प्युटरला इचार, पाचरीची वाट त्यानं बघितली व्हती का.

मी जिती हाय तवर लिहीत जा.

तुझी आज्जी

⁂

दौंड, ता. १७ एप्रिल २००४

ती. आज्जीस नमस्कार.

बघितली नव्हती. मीच दाखवली नव्हती. लाइट येते तेव्हा दोन्ही बटणं सुटलेलीच असणार, असं मी धरून चालले. धरलेल्या गोष्टीपुढं कॉम्प्युटर जात नाही. आपल्या विहिरीवर मी शाळेत असताना स्वतः पाचर ठोकलेली आहे, आणि ऑफिसात बसल्यावर ती मला आठवली नाही.

ती एक ओळ बदलली आणि पुन्हा चालवलं. चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं. लाइट जाते, बटणं दाबलेली राहतात, हात आत जातो, लाइट येते, मशीन खाली. जसंच्या तसं. मेंदूत एवढंच घालायला हवं होतं की लाइट आल्यावर बटणं एकदा सुटल्याशिवाय हलायचं नाही.

आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, पाचर ही कामगाराची आगळीक, आपला कागद बरोबर आहे, आणि हे बाहेर बोललीस तर दुसरी नोकरी बघ. असे मेंदू आणखीही मशीनवर बसलेत.

आज्जी, शंभू बोलला तर दोष त्याचा. मी बोलले तर माझी नोकरी जाते, आणि पाचरीचं नाव निघतंच. दोघं गप्प बसलो तर तो खोटा ठरतो आणि मशीन तसंच चालू राहतं. काय करू ते तू सांग. तू सांगशील ते करीन.

तुझी प्रतिभा

⁂

न्हावरे, ता. २० एप्रिल २००४

चि. प्रतिभास आशीर्वाद.

मी सांगीन ते करीन म्हणतीस. लगीन कर म्हणून चार वर्सं सांगतीया, ते केलंस का? ह्ये बी मी सांगणार न्हाई.

निमोण्याचा बाळासो काल येऊन गेला. त्येला सोमवारपास्नं शंभूच्या प्रेसवर घेतलंय. लाजत व्हता, शंभूच्या जागंवर बसायचं म्हणून. शंभू त्येला म्हणला, लाइट गेल्यावर आत हात घालू नको. बाळासो हसला. म्हणला, आरं, लाइट गेल्यावर मशीन मेलेलंच की. माणूस वंगाळ न्हाई, घरी त्येच्या बी मोटर हाय आन् पाचर बी.

त्येला वाटंला लावून शंभू माघारी आला. मंग म्हणला, चौकशीत मी पाचरीचं सांगतो. म्हाळसानं गळा काढला, तिला मी आत धाडलं. मंग म्हणला, एकटा बोललो तर मी एकटा गाढव ठरीन. ताई शेजारी उभी ऱ्हायली तर मशीन बी गाढव ठरंल. तू नाय आलीस तरी त्यो बोलणार हाय. मी त्येला अडवणार न्हाई आन् तुला वढणार न्हाई.

नोकरी गेली तर हितं ये. कांदा काढायला बायका मिळंनात. तुला जमणार न्हाई, पर सावलीत बसून कॉम्प्युटरला इचार कुठला सडका हाय.

सव्वीस तारखेला सकाळी येतीस का न्हाई, ते कळव. मला न्हाई, शंभूला. तुझ्या आईनं लिवायचं न्हाई, सायबानं न्हाई, तूच. आन् पाकीट नको, कार्ड धाड. पाकीट फोडाया त्येला अजून म्हाळसा लागती. कार्ड एका हातानं वाचता येतं.

तुझी आज्जी