नोंद कुठल्या अक्षराखाली?

३ जानेवारी
नवं वर्ष, नवी वही. चरित्रकोशाच्या ऑफिसात मुख्य संपादकांनी आज एक काम खास माझ्यावर सोपवलं. गावच्या पहिल्या महिला नगराध्यक्षा. घरोघर नळ आणला तो यांनीच. प्रश्न एवढाच, की नोंद कुठल्या नावानं घ्यायची? माहेरचं नाव ‘ग’वर येतं, सासरचं ‘द’वर. नवऱ्याचं घर सोडल्यावर आईच्या नावावरून घेतलेलं ‘स’वर. आणि अख्खं गाव म्हणायचं मास्तरीणबाई, म्हणजे ‘म’. संपादक म्हणाले, आठवड्याभरात सांगा. मी म्हटलं, चार दिवस पुरेत.
या वहीतसुद्धा खरी नावं लिहिणार नाही. एक जरी लिहिलं तरी कौल दिल्यासारखं होईल.

७ जानेवारी
चार दिवस झाले. विषय वाटला त्याहून खोल निघाला. आधी एक टिपण लिहितो. दोन पानी.
टायपिस्टबाई म्हणाल्या, एका नावाखाली माहिती द्या, बाकी तीन ठिकाणी ‘पाहा’ टाका, विषय संपला. बाईंना वीस वर्षांचा अनुभव आहे, पण दृष्टी नाही. ‘पाहा’ म्हणजे शुद्ध पळवाट.

२९ जानेवारी
टिपण ३१ पानं. पाठ धरली आहे.
नगराध्यक्षांच्या मुलीचा फोन. वय एक्क्याऐंशी, रिटायर्ड नर्स. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं जेमतेम. म्हणाल्या, दिसतंय तोवर आईबद्दलचं छापलेलं स्वतः वाचायचंय. मी म्हटलं, अगदी निश्चिंत राहा. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. लोक आपल्या शब्दावर विसंबतात.

१८ फेब्रुवारी
दुसरा खंड छापायला गेला. त्यात ‘ग’ गेला. एका परीनं चांगलंच. पर्याय कमी झाले की डोकं नेमकं चालतं.
आता फक्त तीन.

९ मार्च, दुपारी
बायकोला विचारलं, तुला कुठल्या नावानं ओळखलेलं आवडेल? ती भांडी पुसत होती. म्हणाली, “लग्नात माझं आडनाव बदललंत, तेव्हा पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. कुणी टिपणबिपण लिहिल्याचं आठवत नाही.” मग म्हणाली, बाथरूमचा बल्ब महिनाभर गेलेला आहे. घरात अभ्यासू वातावरण नाही.

२ मे
तिसरा खंड गेला. ‘द’ गेला. संपादकांनी विचारलं, टिपण कुठवर आलंय? अंतिम टप्प्यात, म्हटलं. ९६व्या पानावर आहे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. वय झालंय त्यांचं.

१४ जून
मुलगी स्वतः आल्या. दोन जिने, एका हातानं कठडा धरत. पिशवीतून नळयोजनेचं जुनं पत्र काढलं. खाली आईची सही, तीच ती ‘स’वाली. म्हणाल्या, “साहेब, आई शेवटची तीस वर्षं याच नावानं सही करायची. हे नाव तिनं स्वतः घेतलं होतं. बाकीची दुसऱ्यांनी दिलेली.”
मी समजावलं, की हा पुरावा भावनिक आहे. शास्त्राला चारही बाजू बघाव्या लागतात. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, थोडेच. टायपिस्टबाई उठून त्यांना खालपर्यंत सोडायला गेल्या आणि अर्धा तास आल्या नाहीत. ऑफिसची शिस्त कुठे चालली आहे?
पत्राची झेरॉक्स लावली. पान १२१.

१९ ऑगस्ट
निर्णय झाला! ‘म’. लोकांनी दिलेलं नाव हेच खरं नाव. उद्या सांगतो.

२० ऑगस्ट
एक अडचण. ‘मास्तरीणबाई’ जोडून लिहायचं की ‘मास्तरीण बाई’ सुटं? हे न ठरवता सांगणं बेजबाबदारपणाचं.

२३ ऑगस्ट
जोडून. संपादकांच्या केबिनमध्ये गेलो. चौथा खंड काल गेला म्हणाले. मला कुणी सांगितलं नाही. नोटीस बोर्डावर होतं म्हणे. बोर्डाकडे बघत बसलो तर कामं कधी करायची?

३० सप्टेंबर
मुलीचा फोन. म्हणाल्या, आता घाई नका करू साहेब. मी म्हटलं, हे फार बरं झालं, सवडीनं नीट करता येईल. त्या म्हणाल्या, दुसराही डोळा गेला.
चहा घेतला नाही. आज टिपण लिहिलं नाही.

१ ऑक्टोबर
लिहिलं. पान १८८.

१२ नोव्हेंबर
शेवटचा खंड छापायला निघतोय. अकरा वाजता संपादक माझ्या टेबलाशी आले, उभ्यानंच एक कागद ओढला आणि नोंद लिहिली. अकरा ओळी. नाव ‘स’वालं. बाकीची तीन नावं दुसऱ्या ओळीत. माझ्या कपातला चहा अजून गरम होता.
घरी सांगितलं, की शेवटी माझ्याच मताप्रमाणे झालं. बायकोनं विचारलं, तुमचं मत कुठलं होतं? तिला सगळी पार्श्वभूमी माहीत नाही.

४ डिसेंबर
खंड आला. टायपिस्टबाईंनी मुलीला फोनवर नोंद वाचून दाखवली. पलीकडून पुन्हा वाचा म्हणाल्या असाव्यात, कारण बाईंनी पुन्हा वाचली. मग नुसतं नाव वाचलं. तीनदा. दर वेळी जरा मोठ्यानं.
मीही फोनसाठी हात पुढे केला. निर्णयामागची भूमिका त्यांना कळायला हवी होती. बाईंनी फोन ठेवून दिला आणि नाक पुसलं.

११ डिसेंबर
टिपण संपादकांना सादर केलं. २१२ पानं, स्पायरल बाइंडिंग. त्यांनी मागून चाळलं. म्हणाले, एकाच बाजूला लिहिलंय, छान. मनापासून म्हणाले.

१९ डिसेंबर
शुद्धिपत्राची प्रुफं तपासायला आली. ऑफिसात कागदाची टंचाई आहे, पाठकोऱ्या पानांवर काढली आहेत. तिसरं पान उलटलं तर मागे माझं ८७वं पान.
त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली. दुरुस्त केली.