बेटांचा बेत

पार्सिपनी, न्यू जर्सी
शनिवार, ७ मार्च २०२६

सकाळी दारातला बर्फ काढला आणि मीठ टाकलं. दुपारी पिठलं-भात केला. पिठलं घट्ट झालं. जेवण झाल्यावर आणखी दोन पासपोर्ट आले. आता सात झाले.

ती. नेत्राताई यांस,

पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार. (कागदावर घालायला सोपा पडतो. मागच्या खेपेला अकोल्याला तुमच्या पाया पडायला वाकलो तेव्हा दोघांनी धरून उठवलं होतं, ते विसरलेलो नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या शैलेंद्रने फोटो पाठवला त्यात तुम्ही आईच्या मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहात. माया आहे की गुडघा आहे ते कळलं नाही. तिकडे ऊन तापायला लागलं असेल. माझी प्रकृती ठीक आहे, ब्लडप्रेशर होतं तेवढंच आहे. पत्र पाहून दचकू नका. फोनवर आपण दोघं ‘ऐकू येतंय का’, ‘हो, येतंय’ इथवर येतो आणि मग दोघंही गप्प बसतो, त्यासाठी परदेशी कॉल कशाला. शिवाय एक अडचण आहे आणि ती लिहूनच सांगता येईल. शेवटी एक विनंतीही आहे.

तुमच्या धाकट्या बहिणीचं, शरयूचं, एस्टोनियाचं वेड तुम्हाला माहीत आहेच. उत्तर युरोपातला एवढासा देश, आपल्या पाच-सहा जिल्ह्यांएवढा, आणि त्याला बेटं दोन हजारांच्या वर. ती कुठे वाचून बसली कोण जाणे, पण शेवटची दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर वरण-भाताबरोबर तो देश असायचा. सर्वांत मोठं बेट सारेमा. तिथे म्हणे आकाशातून उल्का पडून झालेलं गोल तळं आहे, माणसांनी नव्हे तर वाऱ्याने दळणाऱ्या लाकडी पवनचक्क्या आहेत, खंदकवाला किल्ला आहे, आणि जुनिपर नावाच्या झाडाच्या लाकडाचे, लोणी लावायचे सुरे मिळतात, ज्यांना जन्मभर वास येतो. (चांगला वास. मीही आधी विचारलं होतं.) किह्नू नावाच्या बेटावरचे पुरुष पूर्वी समुद्रावर जायचे, त्यामुळे शेती, घर, बोट, लग्नकार्यं सगळं बायकांकडे आलं आणि राहिलं. तिथल्या म्हाताऱ्या पट्ट्यापट्ट्यांचे घागरे घालून साइडकारवाली मोटरसायकल चालवतात. शरयूचा बेत असा होता की मोटरसायकल ती चालवणार आणि साइडकारमध्ये मी, मांडीवर नकाशा आणि डबा. गेली तीस वर्षं आमची गाडीही तशीच चालली, तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

आणखी दोन गोष्टी ती सारखी सांगायची. हिवाळा कडक असला तर तिकडे समुद्र गोठतो आणि बर्फावरून बेटापर्यंत गाड्या जातात. त्या रस्त्याचे नियम उलटे. पट्टा लावायचा नाही, कारण बर्फ फुटला तर उडी मारता यायला हवी. आणि ताशी पंचवीस ते चाळीस किलोमीटरच्या मध्ये चालवायचं नाही, त्या वेगाने बर्फाखालच्या पाण्यात लाटा उठतात. एक तर त्याहून हळू, नाही तर त्याहून जोरात. ‘अहो, म्हणजे नेमका तुमचा स्पीड!’ असं म्हणून ती खूप हसायची. दुसरी गोष्ट, तिथली जमीन वर येतेय. हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यापासून दर वर्षी दोन-तीन मिलिमीटर. त्यामुळे समुद्रातून नवी बेटं डोकं काढतात आणि जुनी जराजरा मोठी होतात. तिची ट्रीटमेंट सुरू झाली आणि तिकिटं कॅन्सल करावी लागली, तेव्हा तीच मला म्हणाली, ‘घाई कशाला, थांबू तेवढं बेट मोठंच होतंय.’

असो. आता पासपोर्टांकडे येतो.

आमच्या मराठी मंडळाची महिन्यातून एका रविवारी लायब्ररीच्या तळघरात बैठक असते. कोणीतरी तासभर बोलतं, पंधरा जण ऐकतात, त्यातले सात झोपतात, मग चहा. तिथे शरयूचं नाव एस्टोनियाच्या बेटांवर बोलायला लागून राहिलं होतं. ते आपोआप गळेल असं मला वाटलं होतं. पण मंडळाची सेक्रेटरी दीपा (आमच्या मागच्या गल्लीत राहते, मला दर आठवड्याला किराण्याला नेते) म्हणाली, ‘काका, तुम्हीच बोला. ऐकलंय सगळं तुम्हीच.’ तिच्याच गाडीत तिच्याच शेजारी बसून नाही कसं म्हणणार? मी विषय लिहून दिला: एस्टोनियाची बेटं. दीपाने तो तिच्या अनिकाला दिला. अनिका इथेच जन्मलेली, जर्सी सिटीत बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मराठी बोलते गोड, पण लिहिते इंग्रजी अक्षरांत. तिने ग्रुपवर टाकलं, ‘रविवारी सकाळी अकरा वाजता पुरुषोत्तम काकांचा एस्टोनिया बेट.’

ताई, इंग्रजी अक्षरांत बेट लिहिलं की बी-ई-टी. आणि बेत लिहिलं तरी बी-ई-टी. त्यातून बेट नपुंसकलिंगी, बेत पुल्लिंगी. अनिकाने ‘काकांचं’ लिहिलं असतं तरी लोकांनी विचार केला असता. तिने ‘काकांचा’ लिहून व्याकरणाने शिक्कामोर्तब केलं. मंडळाने वाचलं: काकांचा एस्टोनिया बेत.

रविवारी तळघरात खुर्च्या पुरल्या नाहीत. मला वाटलं, शरयूसाठी आले असतील. मी घसा साफ करून दोन हजार बेटांपासून सुरुवात केली, तर पहिल्या रांगेतला प्रताप उभा राहिला. (वजनदार गृहस्थ आहे, पण स्वभावाने चांगला.) ‘काका, ते भूगोलाचं जेवताना सांगा ना. आधी बेत काय आहे?’ त्याच्या मांडीवर घरी न्यायला रिकामा डबाही होता. मी म्हटलं, बेत नाही, बेट. ट. टाळीतला ट. मग प्रताप खाली बसत म्हणाला, ‘म्हणजे ताटात काही नाही, सगळं नकाशात आहे.’ मागून त्याची बायको म्हणाली, ‘आणि मी सकाळपासून ह्यांना उपाशी ठेवलंय!’ तेवढ्यात यश आणि अदिती ही इथे शिकायला आलेली दोन मुलं पुढे आली. त्यांनी तो शब्द सरळ इंग्रजीत वाचला होता. ‘काका, बेट कशावर लावायचीय?’ तसली पैज नाही म्हटल्यावर त्यांनी माझं भाषण बारापर्यंत संपेल की नाही यावर आपसात लावली. अदिती जिंकली. भाषण सव्वाअकराला संपलं.

ते संपलं याला कारण सारेमा. मी नाव उच्चारलं मात्र, हार्मोनियम शिकवणारे श्रीरामभाऊ हात वर करून म्हणाले, ‘सा, रे, मा. ग कुठे गेला?’ एकाने सांगितलं, ग समुद्रात बुडालाय. दुसरा म्हणाला, बुडालेला नाही, दर वर्षी दोन मिलिमीटर वर येतोय, तुम्ही ऐकत नाही. यावर लोक इतके हसले की मला माझा कागद सापडेना. तेव्हा मी तिथल्यासारख्या, राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाची जी एक लादी नमुन्याला आणली होती ती कापायला घेतली. एक पाव, चाळीस माणसं. पावाचा रंग बघून बायकांनी पर्समधून जे निघेल ते काढलं: शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कोणाचं तरी लिंबाचं लोणचं. त्या पावाला मेतकूट लागतं, हे एस्टोनियात अजून कोणाला माहीत नसेल. तिकडे ‘थँक यू’ला जो शब्द आहे तो साधारण ‘आयतॅ’ असा ऐकू येतो, हे मी चटणी वाढताना सांगितलं. प्रताप म्हणाला, ‘बरोबर आहे, आयतं मिळालं की आभार मानावेत.’

खरा घोटाळा इथून पुढे. खाता खाता श्रीरामभाऊंच्या नैनावहिनींनी विचारलं, ‘मग भाऊजी, निघायचं कधी?’ त्यांनी तो बेत जेवणाचा नव्हे, जाण्याचा वाचला होता. मी म्हटलं, ‘बघू.’

आता आमच्या साताऱ्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. त्यात शंका नसते, पुन्हा कोणी विचारत नाही. पण वहिनी तुमच्याकडच्या, नागपूरच्या. तुम्हा लोकांचं ‘पाहू’. त्यांना ‘बघू’ म्हणजे ‘दाखवा बघू’ वाटलं. त्यांनी पर्स उघडून दोघांचे पासपोर्ट माझ्या हातात ठेवले. मी ते परत करणार तेवढ्यात कोणी तरी ओरडलं, ‘काका पासपोर्ट गोळा करतायत!’ आणि ताई, अमेरिकेतला मराठी माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो, मग कशाची ते विचारतो. दोन दिवसांनी प्रताप आणि त्याची बायको आले. मग अदिती. आज यश आणि दीपा. सगळे पासपोर्ट पुरणपोळीच्या डब्यात ठेवले आहेत, तोच एक रिकामा होता. नैनावहिनींनी जूनचा पहिला आठवडा ठरवूनही टाकला आहे, त्या दिवसांत तिकडे रात्र होतच नाही म्हणून. आणि गाडी काकाच चालवणार, रस्ते त्यांनाच ठाऊक आहेत, असंही जाहीर केलं आहे. मी आयुष्यात एस्टोनिया पाहिलेला नाही. गेल्या एप्रिलपासून मी माझी गाडीही गॅरेजबाहेर काढलेली नाही.

यातला प्रत्येक जण पासपोर्ट द्यायला येतो आणि बसतो. चहा घेतो. प्रताप तर भिंतीवरचा शरयूचा नकाशा वाचत इतका वेळ उभा होता की शेवटी त्यालाही पिठलं वाढलं. एकेकाला गाठून ‘बघू म्हणजे नाही’ हे सांगणं मला जमायचं नाही. आणि तिच्यावाचून त्या फेरीबोटीवर चढणं, तेही जमेलसं वाटत नाही.

म्हणून विनंती. तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्या आहात. मला चार कडक ओळी लिहून पाठवाव्यात, की आपल्याकडे माणूस गेल्यावर वर्षाच्या आत मौजेचा प्रवास करत नाहीत, सबब पुरुषोत्तमरावांनी कुठेही जाऊ नये. मी ते पत्र दीपाला दाखवीन, ती ग्रुपवर टाकील. (देवनागरीत लिहा. इंग्रजी अक्षरांत नको, त्याचंही काय निघेल सांगता येत नाही.) म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही आणि कोणी दुखावणारही नाही.

सर्वांना यथायोग्य सांगावे. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला,
पुरुषोत्तम

ता. क. – वरचं सगळं लिहून झाल्यावर कॅलेंडर पाहिलं. वर्षश्राद्ध एप्रिलमध्ये येतं. जून वर्षाच्या आत बसत नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, तो जूनच्या मध्यापर्यंत चालतो, तेव्हा वर्ष तोवर लांबलं असं धरता येईल का, असं तुम्हाला विचारणार होतो. पण शरयू गेली तरी तुमच्याशी असली लबाडी करणं बरं नाही. ते कडक पत्र लिहू नका. लिहिलंच तर टाकू नका.

ता. क. २ – अधिकावरून आठवलं. आईबाबा गेल्यानंतर आमचं अधिकाचं वाण तुम्हीच पाठवत आलात. मागच्या अधिकात पाठवलेले अनारसे इथे पोचेपर्यंत चुरा झाले होते. शरयूने तो चुरा दुधात घालून खाल्ला आणि मला थोडाच दिला. ती नसताना मी तुमच्या घरचा जावई उरतो की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि कोणाला विचारावं तेही कळत नाही. उरत असेन, तर यंदा अनारसे नकोत. तुम्हीच जूनमध्ये एस्टोनियाला या. व्हिसा शेंगेनचा लागतो, त्याचा शेंगांशी संबंध नाही, शैलेंद्र करून देईल. फेरीबोटीला लिफ्ट असते, मी विचारून घेतलं आहे. किह्नूला साइडकारमध्ये एकच माणूस मावतं, आणि तुमच्या गुडघ्याला तीच जागा बरी. तुमचं आणि तिचं हसणं सारखं आहे हे मी कधी बोललो नव्हतो. उत्तर ‘पाहू’ असं देऊ नका, मला त्याचा अर्थ लागत नाही. हो किंवा नाही लिहा.

ता. क. ३ – हे गाडीत बसून लिहितो आहे, हात गार पडलेत म्हणून अक्षर असं आलं आहे. यशने मघाशी बॅटरी चार्ज करून दिली. म्हटलं पत्राच्या पेटीपर्यंत आपणच जावं. पेटी कोपऱ्यावरच आहे, पण जूनपर्यंत सवय व्हायला हवी. रस्ता डांबरी आहे, खाली पाणी नाही, तेव्हा माझ्या स्पीडने चाललं तरी हरकत नसावी. फक्त सीट अजून शरयूच्या उंचीची आहे आणि माझे गुडघे स्टिअरिंगला लागताहेत. पाकीट बंद करतो, सीट मागे घेतो, पट्टा लावतो आणि निघतो.