मॅकेब क्रॉसिंगचा बिल्ला

मॅकेब क्रॉसिंग, कॅन्सस
२ सप्टेंबर १८७४

चि. लेम्युएल यास अनेक आशीर्वाद.

रुळांच्या अलीकडे स्टेशनवाले, पलीकडे टेकडीवाले; दोघांनाही गाव आपलंच हवंय. गावचा बंदोबस्त बघणारा मार्शल कुणाचा, यावर महिनाभर डोकी फुटली. शेवटी दोन्हीकडच्या संमतीने मार्शलचा बिल्ला आला तो तुझ्या मेहुण्याच्या छातीवर, कारण एनॉक कुणाच्याच बैठकीला जात नाहीत. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, नोव्हेंबरातल्या गावच्या निवडणुकीपुरताच. आपली खाणावळ बरी चाललीय. दोन्हीकडचे जेवायला येतात आणि एकमेकांकडे पाठ करून बसतात. मी दमलेय रे. आईला सांगू नकोस.

तुझी माया अशीच राहू दे.
अ‍ॅडलीन

ओहायो, २० सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

आईने माझ्या तोंडावरूनच ओळखलं. ती म्हणते, बिल्ला परत करा आणि इकडे निघून या. एनॉकना सांग, इथे भांडायला मी एकटाच आहे, आणि मी तर नेहमी हरतो. फळबागेत माणूस हवाच आहे. ताई, खरंच या.

माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझा लेम

मॅकेब क्रॉसिंग
३० नोव्हेंबर

चि. लेम यास आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. मतदान संपता संपता स्टेशनवाले बंदुका घेऊन मतपेटी न्यायला आले. हे दारात उभे राहिले. त्यांच्यातल्या जड प्रुइटने ह्यांच्यावर गोळी झाडली. हाच जड रोज माझ्या हातची भाकरी खायचा. पेटी वाचली. ह्यांचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

टेकडीवाले जिंकले. मग दोन्हीकडचे पुढारी एकत्र बसले. स्टेशनवाल्यांनी निकाल मान्य केला आणि त्या बदल्यात जडवरचा खटला मिटला. एका हाताचा मार्शल काय कामाचा, म्हणून बिल्लाही जडलाच दिला. सांगायला आलेल्या माणसाला माझ्याकडे बघवेना.

काल जड जेवायला आला. मी जागची हलले नाही. हेच उठले, डाव्या हाताने ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "जेव, जड. आणि ज्या पेटीपायी माझा हात गेला, तिच्यात काय होतं, ते मला सांग." साऱ्या खाणावळीत कुणी घास उचलला नाही. जडने ताट तसंच सोडलं आणि टोपी घेऊन बाहेर पडला.

खाणावळ विकायला काढली आहे. आम्ही येतोय. स्टेशनवर तूच ये, आईला आणू नकोस. आधी तू बघ, मग तिला सांग.

आम्हा दोघांना सांभाळून घे.
ताई