गिलकी मराठीत नाही

प्रिय पराग,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं. आज तू मला काडीचाही प्रिय नाहीस. फोन केला असता तर तू हसून वेळ मारून नेली असतीस आणि मीही विरघळले असते. म्हणून लिहितेय.

अर्धांगवायूनं बाबांची वाचा गेली, तेव्हा तू पुण्याहून स्वतः बनवलेला शब्दखेळ त्यांच्या मोबाइलवर पाठवलास. रोज तीन अक्षरी शब्द लिहायचे, म्हणजे बोलणं परत येईल. डॉक्टरही हो म्हणाले. बाबा मुकाट्यानं खेळायला बसले. त्यांनी आधी ‘गिलकी’ लिहिलं. पडदा लाल: ‘हा शब्द मराठीत नाही.’ मग ‘गराडू’. पुन्हा लाल. अरे, माधव नगरात भाजीवाला रोज दारात गिलकी ओरडतो! थंडीत गराडूच्या कंदाच्या तळलेल्या फोडींसाठी तू माझ्या बशीवर डल्ला मारायचास, तो कुठल्या भाषेत? पिढ्यान् पिढ्या उज्जैनमध्ये मराठी बोलत आलोय आपण. आमचा कुठला शब्द प्रचलित, कुठला दुर्मिळ आणि कुठला नाहीच, हे तू आणि तुझे मित्र कॉफी पिता पिता यादी करून ठरवणार? गिलकीला तुमच्याकडे घोसाळं म्हणतात आणि ते म्हणे प्रचलित! आपल्या घरात कोण म्हणालं रे कधी घोसाळं?

झालंय काय, सांगू? बाबा आता थोडंफार बोलायला लागलेत, पण बोलण्याआधी शब्द मोबाइलवर लिहून बघतात. हिरवा आला तर बोलतात, लाल आला की ओठ मिटून घेतात. काल गाडीवरच्या गिलक्यांकडे त्यांनी बोट केलं, तोंड उघडलं आणि चोरी पकडली गेल्यासारखे माझ्याकडे बघून गप्प झाले. असा संताप आला! तो मोबाइल क्षिप्रेत फेकून द्यावासा वाटला.

फेकला नाही, कारण संध्याकाळी त्यांनी तुझं नाव लिहिलं. तुझ्या यादीत पराग म्हणजे फुलातले कण. पडदा हिरवा झाला, खाली आलं: ‘शाब्बास! दुर्मिळ शब्द.’ बाबा मला ते पुन्हा पुन्हा दाखवत होते, हसत होते. मग त्यांनी तुझं नाव घेतलं, अगदी स्पष्ट, आणि दाराकडे बघत बसले. ते आजारी पडल्यापासून तू एकदाही आला नाहीस, पराग. यादी सावकाश दुरुस्त कर. आधी घरी ये आणि त्यांनी हाक मारली की ओ दे.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
अंबिकाताई