काळं झालेलं तेल

मंगळवार, संध्याकाळ

सुभेदारकाका आज त्यांच्या ट्रॅक्टरवर चाललेल्या माझ्या इंजिन-तेलाच्या सगळ्या चाचणीवर पाणी फिरवणार होते! सकाळीच रहिमतपूरहून त्यांचा फोन, "बाई, तुमचं तेल लय काळं झालंय. काढून टाकतो." मी साताऱ्याच्या कारखान्यातून तशीच निघाले. पोचले तेव्हा काका ट्रॅक्टरखाली, पाना नटावर. उभा जन्म लष्करात गाड्या सांभाळल्या. तेल काळं दिसलं की बदलायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं.

काजळी इंजिनात साचू नये, तेलातच तरंगत राहावी, म्हणून तर माझं रसायन त्यात घातलंय. मग तेल काळं होणारच. पण हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं का? नाही. चूक माझीच.

गाळणकागदावर दोन थेंब टाकले. त्यांच्या डब्यातल्या, माझं रसायन नसलेल्या जुन्या तेलाचा मधोमध घट्ट काळा ठिपका, काजळी गोळा झालेली. माझा थेंब मात्र काजळीसकट कडेपर्यंत एकसारखा पसरलेला. ठिपका नाहीच! जमलंय, शंकाच नको. काकांना पटेना. "काळं त्ये काळंच की."

तेवढ्यात मोरीवर धुणं पिळणाऱ्या काकी म्हणाल्या, "आवं, धुण्याचं पाणी काळं झालं म्हणून साबण वाईट म्हंता व्हय?"

काका पुन्हा ट्रॅक्टरखाली सरकले आणि नट आवळला.

एवढंच समजावायला मी शेतकऱ्यांसाठी तीन पानांचं पत्रक लिहिलंय. उद्या तिन्ही पानं फाडणार. काकींचं वाक्य छापायचं, शेजारी तो ठिपका नसलेला थेंब. बास.