गेट खरं कधी हललं

२ जुलै, नांदेड

टेबल शेवटी माझ्याकडे आलं. पूर नियंत्रण कक्षात दोन पावसाळे नुसते फोन उचलण्यात गेले, आता खरं काम. धरणातून पाणी सोडलं की खाली पुलाशी किती तासांनी पोहोचतं, त्याचं पक्कं टेबल करायचं. धरण लातूरच्या हद्दीत, पूल आमच्या नांदेडच्या, मधे अठ्ठेचाळीस किलोमीटर नदी. डेप्युटी साहेब (यापुढे डे.सा., रोज पूर्ण लिहायला हात दुखतो) म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटरचं जमतं, तुम्हीच करा." जमतं म्हणजे काय. एम.टेक.चा प्रबंधच यावर होता. धरणाच्या तळ्यात पूर शिरला की त्याचं डोकं, म्हणजे सगळ्यात मोठा लोंढा, किती दबतं, नदीत उतरला की किती पसरतो, किती रेंगाळतो. सांगितलं नाही. स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं.

आणखी एक सांगितलं नाही. तो पूल आमच्या गावचा. त्याच्या खांबावरची पाणीपातळीची पट्टी वाचायचं काम एकोणतीस वर्षं आमच्या अण्णांनी केलं. सातबाऱ्यावर शेती, पगारपत्रकावर 'गेज रीडर'.

५ जुलै

दोन्ही रजिस्टरं आली. धरणाचं हिरवं: गेट किती वाजता उघडलं. पुलाचं लाल: पाणी किती वाजता चढायला लागलं. लाल उघडलं आणि अण्णांचं अक्षर. चार हा आकडा ते खुर्चीसारखा काढतात. पावसाळ्यात शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी पुलावर जायचे, पट्टी मोठ्याने वाचायचे. "दोन पॉइंट चाळीस!" अण्णा उठून, वाकून स्वतः बघणार, मगच लिहिणार. पोरीवर भरवसा नाही म्हणून मी रुसायचे.

आज ऑफिसात इतरांसमोर डोळे भरून आले. सर्दी झालीय म्हणाले मी.

८ जुलै

अकरा पूर. दोन्ही रजिस्टरांच्या वेळांची वजाबाकी केली. आठ पुरांना साडेसात तासांच्या आसपास. तिघांना सहा. मधे काहीच नाही. जास्त पाणी लवकर येतं हे मान्य, पण त्या तिघांतला एक तर अगदीच किरकोळ होता. आवडला नाही हा प्रकार.

डे.सा.नी एक नजर टाकली. "ते तीन काढून टाका. गेज रीडर लोक घरी बसून भरतात हो."

माझे कान तापले होते. घरी बसून! कमरेएवढ्या चिखलातून, डोक्यावर युरियाचं पोतं पांघरून...

नको. लिहितानाही राग येतोय.

१३ जुलै, गावी

जेवताना मी सहज म्हणाले, अण्णा, तुमच्या तीन नोंदी साहेबांना पटत नाहीत. अण्णा भाकरी मोडत राहिले. आईच बोलली, "त्या तिनाचाच तर मेमो हाय ट्रंकेत."

मेमो. मला पत्ताच नाही. मी तेव्हा बारावीला लातूरला क्लासला होते, म्हणून सांगितलं नाही म्हणे. काढून वाचला: "सदर वेळ अशक्य असून, आपण जागेवर न जाता नोंद केल्याचे दिसून येते." सेवापुस्तकात लाल शाईने चढवलाय. नोकरीभर एकच लाल ओळ.

"तुम्ही उत्तर नाही दिलं?"

"दिलं की. पानी आलं तवा लिवलं, म्हनून दिलं."

"मग?"

"मंग काय. पट्टीला घिऊन जाऊ का साक्षीला?" आणि ताक प्यायला लागले.

राग मलाच जास्त आला. त्यांना आलाच नाही असं नाही, पण तो त्यांनी कुठेतरी ठेवून दिलाय.

१९ जुलै

सापडलं! ते आठ पूर म्हणजे त्या-त्या वर्षीचा पहिला विसर्ग. तिघे मागाहूनचे. पहिलं पाणी कोरड्या पात्रात जातं, वाळू पिते, डोह भरतात, म्हणून उशीर. नंतरचं पाणी ओल्या पात्रातून सुसाट. म्हणजे अण्णांच्या तीन नोंदी खऱ्या, आठही खऱ्या, मेमो खोटा. दोन टेबलं करायची: पहिल्या पाण्याला साडेसात, नंतरच्याला सहा.

डे.सा. चक्क "वा" म्हणाले. दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत. येताना स्वतःलाच एक प्लेट भजी.

२० जुलै

अण्णांना फोन. वाटलं खूश होतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोरडी कशानं ऱ्हाईल गं? धरण भरूस्तोवर ऑगस्ट येतो. तवर मधल्या शिवारातल्या पान्यानं नदी वलीच असती. वाळू लई पीत न्हाई."

"मग साडेसात तास कसे लागतात?"

"मला काय म्हाईत. पुलावरची येळ माझी हाय, ती बरोबर हाय. वरची कुनाची, ते वर जाऊन बघ."

एम.टेक.ला सातवी पास माणसाने शिकवावं. बरं वाटलं नाही. टेबल छापायला टाकलं.

१६ ऑगस्ट

धरण काठोकाठ. उद्या यंदाचा पहिला विसर्ग. जलपूजन आहे, पाहुणे येणार. माझ्या टेबलाची पहिली परीक्षा म्हणून मीही जातेय. ऑर्डर सकाळी साडेनऊची. साडेनऊ अधिक साडेसात, पाच. खालच्या गावांना संदेश गेला: पाणी सायंकाळी पाच वाजता. खाली माझं नाव आणि हुद्दा. संदेश तीनदा वाचला, हौस म्हणून.

१७ ऑगस्ट

क्रमाने लिहिते.

साडेनऊला ऑर्डर आली. हणमंतराव म्हणजे तिथले गेट ऑपरेटर, धरण झालं तेव्हापासून तिथेच. त्यांनी लगेच हिरवं रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'गेट उघडले ९.३०'. गेट बंद. पुढ्यात सतरंजी, हार, नारळ. मी बघतेच आहे.

तेवढ्यात पाहुणे आले. नदीची ओटी भरायला बाई माणूस हवं म्हणून मलाच पुढे केलं. खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ. वाकून ओटी पाण्यात सोडली, मन भरून आलं. मग पाहुण्यांनी बटण दाबलं, गेट हललं. सवयीने घड्याळ बघितलं. नऊ पंचावन्न.

हणमंतराव हसत म्हणाले, "यंदा नवलच झालं मॅडम, पाव्हने येळेवर. लातूरला दुसरा कार्यक्रम हाय म्हनं. न्हाईतर दरसाल दीड दीड घंटा बसवून ठिवत्यात."

"दरसाल?"

"हाव. ओटी भरल्याबिगर पयलं गेट उचलत न्हाईत इथं."

"आणि रजिस्टरात वेळ?"

"ऑर्डरीची. सह्या ऑर्डरीवरच ऱ्हात्यात ना."

"नंतरच्या विसर्गाला?"

"तवा कशाची पूजा. ऑर्डर आली की उचललं."

खाली फेस उसळत होता आणि मी बोटांवर तास मोजत होते. कोरडं पात्र नाही, वाळू नाही, डोह नाही. दीड तास म्हणजे पाहुण्यांची वाट. पाणी कायमच सहा तासांत जात होतं. आणि आज पाहुणे वेळेवर. म्हणजे चारच्या आत पाणी पुलाशी, आणि माझ्या नावाने गावोगावी संदेश: पाच वाजता. लोक साडेचारपर्यंत नदीतल्या पाण्याच्या मोटारी काढत बसणार, गुरं पात्रात.

अण्णांना फोन लावला. "अण्णा, माझं टेबल चुकलं. पाच नाही."

त्यांनी एवढंच विचारलं, "गेट हाललं कवा?"

"नऊ पंचावन्न."

"मंग तीन पंचावन्न. ठिव फोन, मला काम हाय."

बाकीच्या गावांना मी सरपंच, पोलीस पाटील, जो उचलेल त्याला फोन केले. ऑफिसला कळवलं. अण्णांनी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून सांगितलं, मग शेजारच्या गाडीवर मागे बसून काठाकाठाने गेले. एकाहत्तराव्या वर्षी. लोक म्हणत होते, सरकारी मेसेज पाचचा आहे. अण्णा म्हणाले, "मेसेज माझ्याच पोरीचा हाय. तिनंच आता दुरुस्त केलाय. हाला." आईने सांगितलं हे, संध्याकाळी.

पावणेचारला शेवटची देवणी गाय वर आली. पाणी चार वाजून दोन मिनिटांनी. अण्णांनी वहीच्या कागदावर लिहून ठेवलंय.

कोरड्या पात्राने खाल्ली ती सात मिनिटं. माझ्या 'वा' मिळवलेल्या शोधाची एकूण किंमत, सात मिनिटं.

१९ ऑगस्ट

ऑफिस. डे.सा. खूश, कोणाचं काही वाहून गेलं नाही. म्हणाले, "झालं ते झालं. यापुढे तोंडी सहा सांगत जाऊ. टेबल राहू द्या."

मी म्हणाले, टेबल मागे घेतेय. चूक माझी आहे, तशी लिहून देते. आणि हिरव्या रजिस्टरात एक रकाना वाढवायचा: गेट प्रत्यक्ष हलल्याची वेळ.

"मॅडम, म्हणजे मागच्या सगळ्या नोंदींवर ज्यांच्या सह्या आहेत, त्या सगळ्यांना तुम्ही खोटं पाडणार."

"खोटं नाही. ऑर्डरची वेळ खरीच आहे. ती गेटची नाही, एवढंच."

मग सांगूनच टाकलं, पुलावरचा गेज रीडर माझे वडील. ते खुर्चीत मागे रेलले. "अस्सं. म्हणजे वडिलांसाठी चाललंय."

"टेबल टेबलासाठी साहेब. वडिलांसाठी मेमो रद्द करण्याचा वेगळा अर्ज आणलाय." दिला. आधीच टाइप करून नेला होता. आवाज थोडा चढला होता, असू दे.

२४ ऑगस्ट

अहवाल वर गेला. अकरा पानं. कॉम्प्युटरवर पुन्हा मांडला, या वेळी आठही पुरांना हणमंतरावांच्या आठवणीतून पाहुण्यांचा उशीर वजा करून. सहा, सहा, सव्वासहा, सहा. अण्णांचे अकरा पूर एका रेषेत उभे राहिले. त्या आलेखाकडे किती वेळ बघत बसले. एकोणतीस वर्षांत एकदाही घरी बसून भरलं नाही, हे आता रेघेने सिद्ध झालंय. प्रिंट काढून घरी पाठवली. आई म्हणाली, अण्णांनी ती देवघरात नाही, बैलांच्या औषधांच्या कपाटात ठेवलीय, तिथे उंदीर येत नाहीत.

२ सप्टेंबर

उत्तर नाही. महालक्ष्म्यांना घरी गेले होते, सोळा भाज्या, आंबील, पोट तुडुंब. अण्णांनी अहवालाचं विचारलं नाही, मीही काढलं नाही. जेवून पुलावर फिरायला गेलो दोघं. पट्टीवरचा रंग उडालाय, नवा गेज रीडर अजून नेमलेला नाही. अण्णा वाकून वाचायला लागले. मी आधीच म्हणाले, एक पॉइंट दहा. त्यांनी मान हलवली आणि सरळ उभे राहिले. स्वतः न बघता.

मी नदीकडे तोंड करून उभी राहिले.

१० सप्टेंबर

डे.सा. म्हणतात, वरून तोंडी विचारणा झाली, "आत्ताच हे उकरायची गरज काय?" लेखी काही नाही. मेमोच्या अर्जावरही नाही. तोवर जुनं टेबल 'अमलात' आणि नवं 'विचाराधीन'. चिडून भिंतीवरचं जुनं टेबल उलटं टांगलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१५ सप्टेंबर

तीन दिवस वरच्या भागात पावसाची झोड. धरणात पूर पहाटेपासून शिरतोय. सकाळी आठला डे.सा. स्वतः माझ्या जागेशी आले. किती सोडायचं, कधी? मी मांडून दाखवलं: आत्ताच थोडी जागा केली तर दुपारचा लोंढा तळ्यातच पसरेल, खाली निम्माच जाईल. थांबलो तर सगळा एकदम जाईल. त्यांनी ऐकलं आणि वर कळवलं. ऑर्डर निघाली ९.१५.

खालच्या गावांचा संदेश मी लिहिला. सहा तास. डे.सा. म्हणाले, मंजूर टेबल नाही हे, जबाबदारी तुमची राहील. म्हटलं, राहू द्या. सही केली.

पावणेदहाला हणमंतरावांनी रजिस्टराचा फोटो पाठवला. पट्टीने रेघ मारून स्वतःच एक रकाना पाडलाय, वर मथळा नाही. कोणी सांगितलं नव्हतं. त्यात लिहिलंय: 'ऑर्डर ९.१५. गेट हलले ९.४०. पहिले खालच्या गावाला फोन केले, मग उचलले.'

म्हणजे तीन चाळीस. संदेश सव्वातीनचा गेलाय, पंचवीस मिनिटं हातची, असू दे. उशिरा आलेलं चालेल.

आता तीन वाजलेत. अण्णा पुलावर आहेत, नको म्हटलं तरी. गुरं, मोटारी, माणसं सगळी एक वाजल्यापासून वर. फोनवर त्यांना हणमंतरावांची नोंद वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, "परत वाच."

परत वाचली.

"पयलंच असं लिवलं असतं तर," एवढंच म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं.

मेमो अजून लाल शाईतच आहे. टेबल अजून विचाराधीन. डे.सा. दारात उभे, हातात चहा, पीत नाहीत. तीन दहा. अण्णांनी पट्टी वाचून सांगितली, दोन पॉइंट शून्य पाच, पातळी अजून हललेली नाही. फोन चालूच ठेवलाय.