शिशाच्या चोवीस विटा

देवास,
४ डिसेंबर १९८८

प्रिय शशी,

तुझी शाळा हिंदीची, मराठी वाचायला तुला कष्ट पडतात, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितोय. सावकाश वाच, पण दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

तुझ्या आईचं, सरलावहिनींचं, तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. काका, तुमच्या परसातली ती नाव फोडून टाका, बाबांचे नकाशे मी इथे धारला जाळून टाकते, असं तू लिहिलंस. नाव काही सहजी फुटायची नाही, बाई. फायबरग्लास तेव्हा नवं होतं आणि तुझ्या बाबाचा, भास्करचा, त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. आठ थर पुरले असते तिथे त्याने काचेच्या कापडाचे चौदा थर दिले. कारखान्यात आम्ही यंत्रांची झाकणं बनवायचो, तिथेच तो हे शिकला. दोन वर्षं दर रविवारी परसात त्या रसायनाचा वास. आमटीलाही तोच वास येतो म्हणून तुझी काकू चिडायची. अकरा पावसाळे झाले, नावेला तडा नाही.

देवासला धड नदी नाही, आणि हा गडी बावीस फुटांची शिडाची नाव बांधतोय म्हणून कॉलनी हसायची. मीही हसायचो. धरमपुरीहून नर्मदेने भडोच, पुढे समुद्र, असा त्याचा बेत. तुम्ही तिघं आतच राहणार, झोपणार, स्वयंपाक करणार. नदीत जागोजागी वाळू, म्हणून नावेचा खालचा कणा त्याने खोल न करता लांब, उथळ ठेवला. तो पोकळ होता. त्यात शिशाच्या चोवीस विटा बसवायच्या होत्या. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून आम्हीच त्या ओतल्या. वाऱ्याने नाव कलली की तेच वजन तिला परत उभी करतं. केबिनचं छत मात्र त्याने नावबांधणीच्या पुस्तकातल्यापेक्षा पाच इंच उंच केलं. तुझी आई उंच, स्टोव्हपाशी तिने वाकून उभं राहू नये म्हणून. वहिनींना भिंतीला टेकून उभं करून त्याने डोक्यावर खिळ्याने रेघ ओढली होती. ती अजून आहे.

नाव उलटल्यावर सगळ्यांनी त्या छताकडे बोट दाखवलं. वरून जड झाली, भास्करचं गणित चुकलं. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, मी चार बोटं ठेंगणी असते तर हे आज असते." मी त्यांना पाणी आणून दिलं.

पहिल्या फेरीचा माघातला मुहूर्त मीच काढला होता. घरात देवळाची पूजा, पंचांग पिढीजात, त्याची मला घमेंड. अकरा वाजून बावीस मिनिटं. ट्रक घाटात अडकला आणि धरमपुरीला पोचायला उशीर झाला. नाव पाण्यात घालून विटा बसवायच्या होत्या, ते काम माझं. भास्कर शीड बांधत होता. वहिनी काठावर पूजेचं ताट घेऊन उभ्या, तू त्यांच्या पदराशी. नऊ विटा बसल्या तोच घाटावरचा नावाडी गणोजी केवट म्हणाला, "भिया, टेम निकल रिया है, नरियल फोड़ो." मी वर फळी टाकून स्क्रू आवळले. एक फेरी होऊ दे, ट्रकमधल्या उरलेल्या पंधरा मग भरू, असं मनाशी म्हटलं. भास्करने विचारलं, "रत्ना, शिसं पूर्ण बसलं?"

मी म्हणालो, "बसलं."

मुहूर्त साधला. मी उतरलो, तो एकटाच पुढे गेला. डोहावर वारा आला, नाव कलली ती परत उठलीच नाही. त्याला पोहता येत होतं, पण तो शिडाखाली सापडला.

शशी, तुझ्या बाबाचं गणित बरोबर होतं. नाव देवासला आणल्यावर मी त्या नऊ विटाही कोणाच्या नकळत काढून घेतल्या. सुट्टीत आलीस की पेरू खात ज्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसायचीस, तो मी त्याच महिन्यात बांधला. चोवीसही विटा त्यात आहेत. नकाशे जाळू नकोस. ते घेऊन इकडे ये, तुझ्यासमोर कट्टा फोडतो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. वहिनींना सांगायला मी अकरा वर्षांत कितीदा तरी धारची बस पकडली, आणि दर वेळी चहा पिऊन परत आलो. त्यांच्या उंचीचा काही दोष नव्हता, एवढंच सांगायचं होतं.

म्हणू दिलंस तर तुझाच,
रत्नाकाका